नाव बदललं तरी नंबर तोच
जहाजाचं नाव तीन-चारदा बदललं तर माग कसा काढायचा, असं वर विचारलंय. आयएमओ नंबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा जहाज-ओळख क्रमांक, धरा. सात आकडी, मालक बदलो, झेंडा (नोंदणीचा देश) बदलो, तो शेवटपर्यंत तोच. शिवाय पुढच्या टोकाला नावाची अक्षरं बऱ्याचदा वेल्डिंगने उठवलेली असतात, वर रंग मारला तरी तिरप्या उन्हात जुनं नाव वाचता येतं.

आमच्या बडोद्याहून अलंग, म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावरचं जुनी जहाजं तोडायचं ठिकाण, काही तासांवर. तिथेच ४५८ मीटर लांबीचं तेलवाहू ‘सीवाइज जायंट’ मोडलं. १९८८ मध्ये इराकी हल्ल्यात जळालं, दुरुस्त होऊन ‘हॅपी जायंट’ झालं, मग ‘यारे वायकिंग’, ‘नॉक नेव्हिस’. आणि अलंगच्या शेवटच्या फेरीपुरतं नुसतं ‘माँट’! एवढ्या थोर जहाजाचं असं व्हावं, याचं मला अजून वाईट वाटतं.