माथेरानला जुन्या हॉटेलात दोन रात्री, आई-बाबांसोबत: पैसे भरण्याआधी काय विचारावं?

केतकी

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन पुण्याहून माथेरानला जायचंय. सोमवार ते बुधवार, दोन रात्री, आम्ही चौघं. बाबा ७३ वर्षांचे. गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा किलोमीटर चालतात, पायऱ्या जमतील तेवढ्या टाळायच्यात. आईला दमा आहे, पंप सोबत असतो. त्यांना चकचकीत रिसॉर्ट नको. कौलं, व्हरांडा, आवारात झाडं असलं जुनं हॉटेल हवं. तसं एक बंगलेवजा हॉटेल फोनवर पसंत पडलंय. बाजारापासून 'पाच मिनिटं' म्हणतात. दर माणशी आहे, चहा-नाश्ता-दोन जेवणं धरून. ओल, गरम पाणी आणि सामान या तिन्हींची धास्ती आहे. नेमकं काय विचारून घेऊ?

घाटपायथा

पाच मिनिटं कोणाची, हे आधी विचारा. हॉटेलच्या पोऱ्याची की तुमच्या बाबांची?

माथेरानात रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर मोटारींना बंदी आहे. तुमची गाडी दस्तुरी नाक्यावरच राहणार आणि तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. म्हणून अंतर तुकड्यांत विचारायचं. माथेरान स्टेशनपासून हॉटेलच्या फाटकापर्यंत किती? फाटकापासून आत चढ आहे का? आणि व्हरांड्यापासून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, आकड्यात? जुने बंगले मोठमोठ्या आवारांत आहेत. फाटक रस्त्याला लागून असतं आणि खोली आत शंभर-दीडशे पावलांवर, ओबडधोबड दगडी पायऱ्या चढून. 'पाच मिनिटां'त हे कोणी मोजत नाही.

दस्तुरीहून गावात जायला शटल, म्हणजे अमन लॉज ते माथेरान धावणारी छोटी आगगाडी, बरी. नाक्यापासून पाच-दहा मिनिटं चाललं की अमन लॉज स्टेशन, तिथून माथेरान. नेरळहून वर येणारी मूळ गाडी (१९०७ सालची, दोन फुटी रूळ) दर पावसाळ्यात साधारण मध्य जून ते मध्य ऑक्टोबर बंद असते, त्यामुळे तुमच्या तारखांना ती विसरा. शटल पावसातही चालते, पण जोराची सर आली किंवा रुळावर माती आली की फेरी रद्द होते. डबे मोजकेच. सोमवारी जाताय हे उत्तम, रविवारच्या रांगेत बाबांचे पाय तिथेच संपले असते.

ई-रिक्षा डिसेंबर २०२२ पासून आहेत, पण संख्या कमी, वाट बघावी लागते. हातरिक्षांवर बेत आखू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. घोडा तर नकोच. दुखऱ्या गुडघ्याला घोड्यावर चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि ओल्या लाल मातीत घोड्याचाही पाय सरकतो.

सामान: चाकांची मोठी बॅग आणू नका. चिखलात चाकं फिरत नाहीत आणि फरसबंदीच्या फटींत अडकून मोडतात. एका मोठ्या बॅगेऐवजी ७-८ किलोच्या दोन सॅक घ्या, कपडे आत प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून. हमाल दस्तुरीलाच ठरवा, दर नगावर की फेरीवर हे आधी बोलून. हॉटेलला आदल्या दिवशी सांगितलं तर काही जण आपला माणूस पाठवतात.

आगगाडीने येणार असाल तर कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल धरा. मध्ये भिवपुरी रोड, मग नेरळ. स्टेशनबाहेर दस्तुरीसाठी शेअर टॅक्सी मिळते. स्वतःची गाडी आणलीत तर नेरळच्या घाटात अर्ध्या क्लचवर रेंगाळू नका. पहिला गिअर, आणि पुढची गाडी वळण पार करेपर्यंत खालीच थांबायचं. त्या घाटात जळक्या क्लचचा वास रोजचाच आहे.

चुन्याची निवळी

ओलीबद्दल. 'खोलीत ओल आहे का' असं विचारलंत तर 'नाही' हेच उत्तर येणार. त्याऐवजी भिंत कशाची आहे आणि तिला रंग कोणता लावलाय हे विचारा.

इथली जुनी बांधकामं जांभ्याच्या चिऱ्याची आणि चुन्याची. जांभा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढतो. चुन्याचा गिलावा ते पाणी हळूहळू बाहेर सोडतो, म्हणून अशी भिंत पावसाळ्यात गार लागते पण सडत नाही. बिघडतं कुठे, तर नूतनीकरणात. वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक रंग. आतलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद. मग रंगाला फुगे येतात, लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागतो, पापुद्रे गळतात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. दम्याच्या माणसाला बाधते ती ही बुरशी. तेव्हा 'नुकतीच रंगवलेली खोली' ऐकून खूश होऊ नका. सप्टेंबरात तर मुळीच नाही, कारण रंग डाग झाकतो, ओल झाकत नाही. ऑइलपेंटच्या खोलीपेक्षा चुना मारलेली साधी खोली बरी.

व्हॉट्सॲपवर तीन फोटो मागवा: पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीचा तळ, छताचा कोपरा, उघडलेलं कपाट. ओलीची रेघ जमिनीपासून कंबरेपर्यंत असेल तर ती खालून चढलेली. छताला तपकिरी कडेचा डाग असेल तर कौल सरकलंय किंवा फुटलंय. यातलं दुसरं माणूस वर चढवून अर्ध्या तासात दुरुस्त होतं (माकडं उड्या मारतात तिथे कौलं सरकतातच), पहिलं तुमच्या मुक्कामात होणार नाही.

खोलीत शिरल्यावर सामान उघडायच्या आधी चादर गालाला लावून बघा. तळव्यापेक्षा गालाला ओल चटकन कळते. कापसाची गादी पावसाळ्यात हवेतला दमटपणा धरून बसते आणि चादर बदलून तो जात नाही, गादीच बदलून मागायची. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. उशांचे अभ्रे घरून न्या. कपाटात डांबरगोळ्या असतील तर काढायला सांगा, दम्याला तो वासही नको. मच्छर कॉइलही नको, मच्छरदाणी मागा.

खिडक्यांचं गणित उलटं आहे. लोक सकाळी धुकं बघायला उघडतात आणि दुपारी मिटून झोपतात. धुकं आत आलं की सगळं कापड ओलं होतं. ऊन असेल तेव्हा, साधारण ११ ते ३, उघडा आणि पंखा चालू ठेवा. धुकं उतरायला लागलं की मिटा.

तीन फेज

गरम पाण्याचं थोडक्यात. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला साधारण १८-२० मिनिटांत पाणी तापवतो. व्होल्टेज १८० वर उतरलं तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे जेमतेम ६० टक्के उरते, आणि त्याच पाण्याला अर्धा तास लागतो. लोक दहा मिनिटांत नळ सोडतात आणि गीझर बिघडला म्हणून ओरडतात. एका भरणीत गार पाणी मिसळून अंघोळीच्या दोन बादल्या होतात, म्हणजे दोघांची अंघोळ. बाकी दोघांनी पुन्हा अर्धा तास थांबायचं. ३ लिटरचा इन्स्टंट असेल तर शॉवर विसरा, नळ बारीक सोडून बादली भरा.

काही ठिकाणी अजून बंबाचं पाणी ठरावीक वेळेतच देतात. ती वेळ विचारा, आणि बादली खोलीत आणून देणार का तेही.

दोन गोष्टी टाळू नका. जुन्या वायरिंगला अर्थिंग धड असेलच असं नाही. स्वागतकक्षात विचारा की बाथरूमच्या लाइनवर गळती पकडून वीज तोडणारं आरसीसीबी आहे का. माहीत नाही म्हणाले तर ते नाहीच असं धरा. आणि काहीही असलं तरी पाणी तापलं की गीझर बंद करून मगच अंघोळीला बसा. दुसरं, गावाचं पाणी खालून, नेरळकडून पंपाने वर चढवतात. वीज बराच वेळ गेली की नळावरही परिणाम होतो. एक बादली कायम भरून ठेवा. जनरेटरवर फक्त दिवे-पंखे चालतात की गीझरही, तेही विचारून ठेवा. बहुतेकदा गीझर नसतो.

केतकी

खूप आभार. फोन केला. दोन पर्याय देतायत. (१) तळमजला, मागची बाजू, पश्चिमेकडे, खोलीतून बाथरूमला दोन पायऱ्या खाली. (२) पहिला मजला, पूर्वेकडे, लाकडी जिना १४ पायऱ्यांचा, बाथरूम सपाट. बाबांसाठी पहिली घ्यावी असं वाटतंय. फोटोत पहिल्या खोलीच्या भिंतीला खाली पट्टा दिसतो.

चुन्याची निवळी

दुसरी. पश्चिमेची भिंत चार महिने पावसाचा मारा खाते, त्यात तळमजला आणि मागची बाजू, म्हणजे वरून, खालून आणि समोरून ओल. तो पट्टा तेच सांगतोय.

घाटपायथा

माझं मत तळमजल्याकडे झुकतं, पण इथे नाही, कारण ती बाथरूमची पायरी. जिना माणूस दिवसा, उजेडात, सावध असताना चढतो. बाथरूमच्या दोन पायऱ्या रात्री दोन वाजता, झोपेत, ओल्या शहाबादी फरशीवर उतरायच्या असतात. पडतात ते तिथे.

दुसरी घ्या, पण अटी घालून. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा हवा. एकाच बाजूला असेल तर उतरताना तो बाबांच्या कोणत्या हाताला येतो ते बघा. जुन्या लाकडी जिन्यांची पायरी उंच असते, आठ इंचांच्या आसपास. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दिवसातून दोनच फेऱ्या होतील असं बसवा: सकाळी नाश्त्याला उतरले की दुपारच्या जेवणानंतरच वर. मधला वेळ खालच्या व्हरांड्यात. जुन्या हॉटेलचं खरं सुख तिथल्या आरामखुर्चीतच असतं. आधी बोललात तर रात्रीचं जेवण वर आणून देतात. रबरी पायपुसणं आणि बॅटरी मात्र घरूनच न्या.

आमटीभात

जेवणाचा हिशोब राहिला. 'दोन जेवणं' कुठून कुठपर्यंत? सहसा पोचल्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापासून निघायच्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत. पण खोली सोडायची वेळ सकाळी ९ किंवा १० असते आणि शटल उशिराची असेल तर मधले तास आई-बाबा कुठे बसणार? सामान ठेवून घेणं आणि बैठकीची खोली वापरू देणं हे आधीच कबूल करून घ्या. पोचायला दुपारी दोनपेक्षा उशीर झाला तर पहिलं जेवण बुडतं, भरपाई मिळत नाही. भटारखाना वेळेवर बंद होतो. बऱ्याच ठिकाणी गुजराती धाटणीचं, गोडसर जेवण असतं. बाबांना कमी तेल-तिखट हवं असेल तर ते पोचल्यावर नाही, आदल्या दिवशी सांगा, कारण भाजी किती जणांची करायची हे सकाळीच ठरतं.

खोलीचा क्रमांक, माणशी दर, काय-काय धरून, रद्द केल्यास किती परत, हे सगळं लेखी, व्हॉट्सॲपवर. 'आल्यावर बघू' म्हणाले तर आगाऊ रक्कम भरू नका. रोख थोडी जास्त ठेवा. दस्तुरीला माणशी प्रवेशकर असतो, हमालही रोखच घेतात, आणि पावसात नेटवर्कचा भरवसा नाही.

माकडं. खिडकीला जाळी आहे का? नसेल तर खोलीत माणूस नसताना खिडकी उघडी ठेवायची नाही, दोन मिनिटंही नाही. व्हरांड्यात बिस्किटं, औषधांची पिशवी, चष्मा काही ठेवू नका. हातात लोंबणारी पिशवी म्हणजे खाऊ, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे. आईचा पंप खिशात राहू दे, पर्समध्ये नको. एक जादा पंप खोलीत ठेवा.

फिरण्याचं म्हणाल तर बाबांना बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट झेपेल. शार्लोट लेक सप्टेंबरात भरून वाहतो, बघण्यासारखा असतो, पण परतीच्या वाटेला चढ आहे. त्या दिवशी ई-रिक्षा कुठपर्यंत सोडते ते विचारून निघा. आणि पॉइंटवर पोचल्यावर पांढरं धुकं सोडून काही दिसलं नाही तर वीस मिनिटं बसून राहा. सप्टेंबरात धुक्याचा पडदा बरेचदा मध्येच फाटतो.

केतकी

दुसरी खोली क्रमांकासकट लिहून घेतली. कठडा एकाच बाजूला आहे, उतरताना डाव्या हाताला. बाबांचा उजवा गुडघा जास्त दुखतो. चालेल ना?

घाटपायथा

चालेल. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हाताला आधार असणं चांगलंच, काठीही तशीच धरतात. चढताना मात्र तोच कठडा उजव्या हाताला येईल, तेव्हा डाव्या हातात काठी, आणि मागे एक पायरी सोडून तुम्ही.