एआरटीच्या गोळ्या सांभाळताना : गावाकडचे अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहून मी २००९ पासून एचआयव्हीवरील गोळ्या, म्हणजे आपण ज्याला एआरटी म्हणतो ते औषध, घेत आहे. सरकारी केंद्रांतून हे औषध १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागले आणि २०१७ पासून सीडी-फोर, म्हणजे रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींचे प्रमाण, कितीही असले तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले, त्यामुळे आता दुखणे वाढेपर्यंत थांबावे लागत नाही. मात्र मिळालेली गोळी घरात नीट ठेवणे, रोज वेळेवर घेणे आणि इतर औषधांशी तिचा मेळ घालणे हे आपल्यालाच करावे लागते. आपण ती लोकांपासून लपवतो आणि बहुतेक चुका त्या लपवण्यातूनच होतात, असे मला वाटत आले आहे. आपापला अनुभव या धाग्यावर सविस्तर लिहावा, ही विनंती. नाव आणि गाव मात्र लिहू नये.

सुरुवात मी करते. पहिली काही वर्षे केंद्रातून घरी आल्याबरोबर मी गोळ्यांची पुरचुंडी बांधून ती तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसत असे आणि रिकामी बाटली चुलीत टाकत असे, कारण जाऊबाईंच्या नजरेला लेबल पडू नये एवढीच मला काळजी होती. एका पावसाळ्यात गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या. केंद्रातील औषध देणाऱ्या ताईंना त्या दाखवल्या, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. नव्या बाटलीतील छोटी पुडी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि सांगितले, की ही ओलावा शोषून घेते, म्हणून ती फेकायची नाही आणि गोळ्याही मूळ बाटलीतून काढायच्या नाहीत. या गोळ्या तीस अंशांच्या आत ठेवाव्यात असे बाटलीवर लिहिलेले असते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखालची खोली तापून निघते. माठाखालच्या ओल्या रेतीत बाटली ठेवणारेही मी पाहिले आहेत. तेथे थंडावा असला तरी ओल असते. मी आता कवेलूच्या जुन्या खोलीत, मातीच्या भिंतीतील देवळीत बाटली ठेवते. लेबल दिसू नये म्हणून तिला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली आहे.

वरुड तालुका, ट्रकचालक :
मी संत्र्याच्या गाड्या घेऊन दूरच्या राज्यांत जातो. पूर्वीच्या माझ्या गोळीत इफाव्हिरेन्झ होते आणि ती झोपताना घ्यावी असे मला स्पष्ट सांगितले होते, कारण तिने गरगरते आणि विचित्र स्वप्ने पडतात. क्लीनरला संशय येऊ नये म्हणून मी ती जेवणानंतर ढाब्यावरच गुपचूप घेत असे आणि लगेच गाडीवर बसत असे. एका रात्री रस्त्यावरचे पांढरे पट्टे दुहेरी दिसू लागले. गाडी कडेला लावली आणि उजाडेपर्यंत हललो नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळे खरे सांगितले, तेव्हा त्यांनी गोळी आणि गाडी यांच्या वेळा वेगळ्या करून दिल्या. २०२१ मध्ये माझी गोळी बदलून टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी सुरू झाली. ती रात्री घेतली की मला झोप लागत नसे, म्हणून आता सकाळच्या चहाबरोबर घेतो. बाटली केबिनमध्ये ठेवत नाही, कारण उभ्या गाडीची केबिन उन्हात फार तापते. ती खांद्यावरच्या पिशवीत, केंद्रातून मिळालेल्या उपचाराच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकासोबत असते. एकदा माल उतरायला आठ दिवस उशीर झाला, तेव्हा परराज्यातील केंद्रात तेच पुस्तक दाखवून मला थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या.

वाशीम जिल्हा, गृहिणी :
गरोदरपणात आशाताईंनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्यांना माझ्या आजाराची माहिती नव्हती आणि मी सांगितलेही नाही. एआरटीसह तिन्ही गोळ्या मी पहाटे उपाशीपोटी एकदम गिळत होते, म्हणजे एकदाच लपवावे लागेल. सातव्या महिन्यात समुपदेशक बाईंनी मला विचारले, ‘दिवसभरात तोंडात काय काय टाकता, ते सगळे सांगा.’ तेव्हा कळले, की लोह आणि कॅल्शियम पोटात एआरटीच्या गोळीतील डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही. जेवणासोबत घेतल्यास या गोळ्या एकत्र चालतात. उपाशीपोटी घ्यायच्या असतील, तर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. मी सगळ्या गोळ्या सकाळच्या जेवणावर आणल्या. प्रसूतीपूर्वी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, तपासला, तो आटोक्यात होता. बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिनचे सिरप दिले आणि ठरलेल्या तपासण्या चुकवल्या नाहीत. अठराव्या महिन्यातील शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, त्या दिवशी मी परतीच्या एसटीत पूर्ण रस्ताभर रडत होते.

वणी तालुका, कापूस वेचणारी मजूर :
जळजळ झाली की मी दुकानातून पातळ अँटासिड आणून पीत असे आणि कंबर दुखली की वेदनाशामक गोळी घेत असे. अँटासिडलाही तोच दोन तास आणि सहा तासांचा नियम आहे आणि ते जेवणासोबत घेतले तरी तो सुटत नाही, असे मला सांगितले. टेनोफोव्हिर चालू असताना वेदनाशामक गोळ्यांचा मारा केल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून आता विचारल्याशिवाय घेत नाही.

गडचिरोली जिल्हा, शेतकरी :
मला क्षयरोग झाला, तेव्हा त्याच्या गोळ्या वेगळ्या ठिकाणाहून सुरू झाल्या आणि तेथे मी एआरटीचे नावही काढले नाही. तीन आठवड्यांनी एआरटी केंद्रात गेलो आणि लघवी केशरी होते असे सहज बोललो, त्यावरून डॉक्टरांनी क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन ओळखले. ते औषध डोल्युटेग्राव्हिर शरीरातून लवकर बाहेर काढते. म्हणून नेहमीच्या गोळीनंतर बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी वाढवून दिली आणि क्षयरोगाचे औषध संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायला सांगितले. माझा उपचार पूर्ण झाला. मधले ते तीन आठवडे मात्र केवळ माझ्या गप्प राहण्यामुळे वाया गेले.

धागाकर्ती : येथे थोडे थांबून लिहावेसे वाटते. फिट्सवरील कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन या औषधांचाही डोल्युटेग्राव्हिरशी असाच अडथळा आहे, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन सोबत असेल तर तिची मात्रा डॉक्टर मर्यादित ठेवतात. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांपुढे बसल्यावर आधी हिरवे पुस्तक काढावे. सांगायला भीती वाटते, हे मला कळते. परंतु एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, आपली माहिती संमतीवाचून उघड करता येत नाही. विचारायला जवळ कोणी नसेल, तर १०९७ हा विनाशुल्क क्रमांक आहे.

बुलढाणा जिल्हा, पुरुष, वय ४७ :
तब्येत सुधारली म्हणून मी आठ महिने गोळ्या सोडल्या आणि एकाने दिलेली पूड खाल्ली. वजन उतरले, व्हायरल लोड एक हजाराच्या कितीतरी वर गेला आणि पुन्हा सुरू केलेल्या जुन्या गोळ्यांनी तो खाली येईना. मला दुसऱ्या टप्प्यातील औषधांवर जावे लागले. शिवाय मला हिपॅटायटिस-बी आहे आणि एआरटीतील दोन औषधे त्यालाही रोखून धरतात, ही गोष्ट यकृताला सूज आल्यावर मला समजली. आता एखादी गोळी राहिली तर आठवताच घेतो. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आलेली असेल तर राहिलेली सोडून देतो, पण दोन एकदम कधीच घेत नाही. उपवासालाही घेतो.

भंडारा जिल्हा, आजी :
हे मी सांगितले आणि शेजारच्या मुलीने लिहून घेतले. माझा नातू नऊ वर्षांचा आहे आणि त्याचे आईवडील नाहीत. लहान असताना त्याची एआरटीची गोळी मी चमचाभर पाण्यात विरघळवून पाजत असे. प्रत्येक भेटीत केंद्रात त्याचे वजन करतात, कारण वजनाप्रमाणे मात्रा बदलते. मागच्या दिवाळीआधी ते २१ किलो भरले, तेव्हा विरघळणारी गोळी बंद होऊन गिळायची गोळी आली. गोळी कशाची, असे तो विचारी, तेव्हा मी तापाची म्हणून सांगत असे. रोवणीच्या दिवसांत मी पहाटेच धानाच्या बांधीत जात होते, म्हणून गोळी त्याच्या हातात देऊन निघत असे. एके दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीजवळ मला चार गोळ्या चिखलात पडलेल्या दिसल्या. त्याला विचारले तर म्हणाला, ‘आजी, मला ताप तर नाही, मग गोळी कशाला?’ मला उत्तर देता आले नाही. समुपदेशक बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, की आजाराचे पूर्ण नाव एवढ्यात सांगायची घाई नको, पण खोटे कारणही सांगू नका. आता गोळी मी समोर बसवून देते आणि मगच बांधीत जाते. पुढच्या महिन्यात बाईंनी आम्हा दोघांना एकत्र बोलावले आहे.