'सकाळी उठोनी': एकटेपण पुराव्यानिशी कसं दाखवायचं?

पानगळ: एम.ए.च्या निबंधासाठी कवी बा. सी. मर्ढेकरांची 'सकाळी उठोनी' ही कविता घेतली आहे. विषय महानगर आणि भावनिक एकटेपण. अडचण अशी की कवितेत 'एकटा', 'उदास' म्हटलेलं दिसत नाही आणि शहरही जेमतेम दिसतं. 'यंत्रयुगातला माणूस' याच्या पुढे जायचं तर धरायचं काय?

ओवीकर: क्रियापदं धरा. घ्यावी, गाठावी, ओकू नये, प्यावी. सगळी विध्यर्थी, म्हणजे 'असं करावं' सांगणारी, आणि ती करणारा माणूस कुठेच नाही. 'मी' नाही, 'तू'ही नाही. दिनक्रम आहे, माणूस गळाला आहे. तुमचा पहिला पुरावा हाच.

मग छंद मोजा. 'सकाळी उठोनी / चहा-कॉफी घ्यावी / तशीच गाठावी / वीज-गाडी': अक्षरं 6, 6, 6, 4 आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. हा मोठा अभंग. टाळ-मृदंगावर दहाजणांनी मिळून म्हणायचा छंद इथे एकट्याच्या वेळापत्रकाला लावला आहे. शेवटी 'तुका म्हणे'सारखी नाममुद्राही नाही, म्हणजे सांगणाराही बेनाव. याला नुसतं विडंबन म्हणून सोडू नका. संतांची खिल्ली उडवलेली नाही. त्यांच्या साच्यात आता काय उरलं आहे, ते दिसतं.

लोखंडी पूल: शहराबद्दल: इमारती शोधत बसू नका, इथे शहर घड्याळातून येतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि या सगळ्याला जुंपणारी वीज-गाडी. मुंबईत विजेवरची लोकल 1925 साली सुरू झाली. तिच्या वेळा पाळणारा नोकरदार इथे आहे. 'दाती तृण घ्यावे' हे शरणागताचं लक्षण, तेही 'हुजूर' म्हणत.

ओवीकर: तुलना हवी असेल तर तुकोबांचा 'वृक्षवल्ली' घ्या, साचा तोच. तिथे 'एकांताचा वास' सुखाने रुचतो, झाडं-पक्षी सोयरे आहेत. इकडे 'आपुली आपण बिडी प्यावी'. बिडी खरं तर शेजाऱ्यापुढे करायची वस्तू. तीही ज्याची त्याने ओढायची. निबंधाचा सगळा भार या ओळीवर टाका, पेलेल.

इंग्रजी कवी टी. एस. एलियटचा मर्ढेकरांवरचा प्रभाव शेवटच्या परिच्छेदात ठेवा. सुरुवातीलाच आणला की कविता बाजूला राहते.

पानगळ: आभारी आहे. मग मर्ढेकरांचीच 'पिपात मेले' ही कविता सोबत घेऊ का?

लोखंडी पूल: नको, तिची प्रतिमासृष्टी वेगळी, निबंध फाटेल. त्यापेक्षा त्यांचीच 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या' घ्या. तिथे मुंबईचं बंदर माघातल्या पहाटे सुंदर दिसतं, कारण गर्दी अजून जागी व्हायची आहे.