डक्टमधला वास: मसाला भाजणं थांबवायचं, की धुराला वाट करून द्यायची?

जुळे सोलापूरची ताई

आमच्या सोसायटीच्या जिन्यात परवा एक कागद लागला. "मिरची-मसाला भाजणे, सुकी मासळी व इतर उग्र वासाचे पदार्थ सदनिकेत करू नयेत." तो माझ्यामुळे लागला, हे मला ठाऊक आहे. पाडव्यानंतरच्या रविवारी मी वर्षाचा काळा मसाला केला. दोन किलो मिरची, धने, तीळ, खोबरं, दगडफूल, हिंगाचे खडे. सकाळी दहा ते एक भाजणं चाललं होतं. चौथ्या मजल्यापर्यंतची माणसं खोकत जिन्यात आली. दुपारी मी दारोदार जाऊन माफी मागितली, आणि मनापासून मागितली.

बंदी मात्र मला मान्य नाही. सोलापूरच्या घरात काळा मसाला करायचा नाही, तर आमटीत घालायचं काय? आज मिरची, उद्या शेंगा भाजणं, परवा लसणाची फोडणी. "इतर उग्र वासाचे पदार्थ" या चार शब्दांत आपलं अख्खं स्वयंपाकघर बसतं.

माझ्या मते खोट इमारतीच्या बांधणीत आहे. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, ती डक्टमध्ये उघडते. डक्ट चार बाय चार फुटांचा. सगळ्या मजल्यांच्या चिमण्यांचे पाईप त्यातच सोडलेले. आणि पावसाचं पाणी येतं म्हणून गच्चीवर त्याच्या तोंडाला पत्रा ठोकलाय, घट्ट. खालची फोडणी वर जाते, पत्र्याला अडते आणि जी खिडकी उघडी सापडेल तिथून कुणाच्या तरी घरात शिरते.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. चुलीच्या बरोबर वर साणं होतं, धूर जायला छतात ठेवलेलं भोक. पाऊस आला की आजी त्यावर पाटी पालथी घालायला लावायची, थांबला की काढायला. मिरची तिथेही भाजली जायची, ठसकाही लागायचा, पण थोड्या वेळात घर मोकळं व्हायचं. त्या गवंड्याने धूर कुठून जाणार हे आधी ठरवून मग माळवद घातलं होतं. आम्हाला हॉलला लागून ओपन किचन मिळालं, दार नाही, वाट नाही.

माझी मागणी एवढीच: पत्रा काढा, चारी बाजूंनी हात-दीड हात मोकळा ठेवून वर छप्पर करा, पाईप गच्चीच्या वर न्या, खर्च सगळ्यांत वाटा. त्यानंतरही त्रास राहिला तर बोलू. तुम्हाला काय वाटतं?

वरच्या मजल्यावरची

ताई, मी तुमच्याच वर राहते. तक्रार माझी होती, लपवत नाही.

माझ्या मुलाला दमा आहे. नऊ वर्षांचा आहे. त्या रविवारी त्याला दोनदा पंप द्यावा लागला. आमचा कूलर डक्टकडच्या खिडकीत बसवलाय, कारण दुसऱ्या बाजूला दुपारनंतर ऊन आग ओकतं. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, हे तुम्हाला सांगायला नको. तुमची मिरची त्याने ओढून थेट मुलाच्या अंथरुणावर सोडली. कूलरच्या गवती ताट्यांना तो वास आठ दिवस होता. तुम्ही म्हणता धुराला बाहेर वाट द्या. तुमचं बाहेर म्हणजे माझी बेडरूम आहे.

माळवदाच्या घराला शेजार भिंतीपलीकडे असायचा. इथे डोक्यावर माणसं आहेत आणि पायाखालीही. पत्र्याचं काम होईल तेव्हा होईल. आपल्याकडे पाण्याच्या टाकीचं झाकण बसायला वर्ष गेलं, तुम्हीच मीटिंगमध्ये बोलला होतात. तोवर मुलाने काय करायचं?

सुकी मासळी मी सांगितली नव्हती. ते कमिटीने स्वतःहून घातलं.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता

एका कागदात दोन वेगळ्या गोष्टी घातल्यामुळे घोळ झाला आहे, तो आधी सोडवू.

मिरचीचा ठसका हा खरं तर वास नव्हे. भाजताना मिरचीतलं कॅप्सेसिन बारीक कणांबरोबर हवेत जातं आणि नाका-घशातल्या मज्जातंतूंना झोंबतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 साली या कॅप्सेसिनला ओळखणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक (रिसेप्टर) शोधला. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं, त्यात हे काम होतं. हाच ग्राहक साधारण 43 अंशांपुढच्या उष्णतेनेही जागा होतो, म्हणून तिखटाने तोंड "भाजतं". 43 म्हणजे काय ते सोलापूरकराला मे महिन्यात विचारा. दमा असलेल्या पोराला हे "सवय होईल" म्हणून सांगता येत नाही. त्या आईचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

मासळीचं तसं नाही. तिचा वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनचा, आणि तो अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो. नकोसा वाटू शकतो, पण स्वयंपाकातल्या एवढ्याशा प्रमाणाने मिरचीसारखा ठसका लागत नाही.

आणखी एक. नाक कुठल्याही वासाला काही मिनिटांत सरावतं. म्हणून करणाऱ्याने "मला तर काही येत नाही" असं कधी म्हणू नये. तिला खरंच येत नसतो, आणि जिन्यातून येणाऱ्याला भपकन येतो.

अशोक चौक

सरांनी बरं केलं, वेगळं काढलं. मी त्या सुकी मासळीबद्दलच बोलणार होतो.

आम्ही पद्मशाली, तेलुगू विणकर समाजाचे. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, हजाराच्या हिशोबाने. महिनाअखेरीला मटण कुठलं? मूठभर सुकट, चिंचेचा कोळ, गरम भात. आई चिंतपंडू, म्हणजे चिंच, आधी भिजत घालायची, सुकट निवडून, दोन पाण्यांनी धुऊन थेट त्या कोळात टाकायची. तव्यावर कोरडी कधी परतली नाही. घर दहा बाय बाराचं, आणि विडीच्या तंबाखूचा भपका इतका की सुकटीचा वास त्यापुढे काहीच नव्हता.

तीन वर्षांपूर्वी विजापूर रोडला भाड्याने घर बघत होतो. सहा ठिकाणी पहिला प्रश्न, नॉनव्हेज करता का. एका ठिकाणी आडनाव सांगितल्यावर कळलं की घर कालच गेलं. पाटी मात्र पुढे महिनाभर तशीच होती. तेव्हापासून "वास येतो" हे वाक्य ऐकलं की मला त्यामागचं दुसरं वाक्यही ऐकू येतं.

मिरचीला दम्याचं कारण आहे, मान्य. सुकटीला कारण काय दिलंत? तूप कढवतानाचा वास कागदावर नाही. मुळ्याची भाजी नाही, हिंग नाही. दिवाळीत आठ दिवस तळणाच्या धुराने डोळे चुरचुरतात, तेही नाही.

सेक्रेटरी, होटगी रोड

मी दुसऱ्या एका सोसायटीचं काम सहा वर्षं बघतोय. इथे सगळे कमिटीवर तुटून पडलेत, म्हणून लिहितो.

आमच्या मजल्यावर 82 वर्षांच्या एक आजी आहेत. आयुष्यात अंडंही खाल्लेलं नाही. मासळीचा वास आला की त्यांना खरोखर उलटी होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या मुलानेही कर्ज काढूनच घर घेतलंय. ज्याला आवडतं त्याने काहीच सोडायचं नाही आणि ज्याला सोसवत नाही त्यानेच खिडक्या लावून उन्हाळ्यात बसायचं, हा न्याय मला पटत नाही. चव बाहेर हॉटेलातही मिळते. घर बदलता येत नाही.

छप्पर करा, पाईप वर न्या म्हणणं सोपं आहे. सोळा सभासदांपैकी तिघं मेन्टेनन्स भरत नाहीत. तळमजला म्हणतो आमचा काय संबंध. सगळ्यात वरचा म्हणतो पाईपची तोंडं माझ्या पाण्याच्या टाकीशी नको. कमिटीच्या हातात त्याच दिवशी करण्यासारखं एकच असतं, लेखी नियम. माझ्या मते ताईंच्या सोसायटीचा कागद योग्य आहे. फार तर मिरचीला महिन्यातला एक दिवस ठरवून द्या.

अशोक चौक

काका, आजींचा त्रास मी खोटा म्हणत नाही. माझ्या आईला तूप कढवण्याच्या वासाने मळमळतं. समोरच्या घरात दर पंधरवड्याला कढतं. ती उठून डक्टकडची खिडकी लावते आणि तासाभराने उघडते. तिने आजवर कागद लावला नाही, लावावा असं तिच्या मनातही आलं नाही. तुमच्या मजल्यावर सुकट करणाऱ्याला आदल्या दिवशी आजींना सांगायला लावा. मी असेन तर रोज सांगेन. पण माझ्या घरात काय शिजावं हे सूचनाफलकावर ठरणार असेल तर ते घर मी फक्त हप्ते भरण्यापुरतं घेतलंय, असं होतं.

आणि "हॉटेलात मिळते" हे आईला सांगून बघतो.

चिमणी-एक्झॉस्ट बसवणारा

मी हेच काम करतो. भांडणाचं तुम्ही बघा, हवेचं मी सांगतो.

खोक्यावर ताशी 1200 घनमीटर लिहिलेलं असतं. आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, दहा फूट उंची, म्हणजे साधारण 23 घनमीटर हवा. खोक्यावरच्या आकड्याच्या पाव हिश्श्याने जरी ओढलं तरी चार-पाच मिनिटांत खोली एकदा रिकामी होते. मग लोकांची चिमणी ओढत का नाही? सहा इंची पाईपला पुढे चार इंचाचा तुकडा जोडलेला, फर्निचर दिसायला छान हवं म्हणून तीन कोपरे वळवलेले, आणि तोंड बंद डक्टमध्ये. तिथे चार चिमण्या एकमेकींवर हवा सोडतात. जी बंद असेल तिच्या पाईपमधून ती उलटी घरात येते. पाईपच्या तोंडाला उलट हवा अडवणारी झडप असते, ती बहुतेक घरांत तेलाने चिकटून उघडीच राहिलेली सापडते.

पाईप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी घेऊ नका असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. ती तीच हवा गाळून परत देते. कोळसा भरला की नुसता पंखा उरतो.

दुसरं, हवा आत आल्याशिवाय बाहेर जात नाही. लोक मसाला भाजताना हॉलच्या खिडक्या लावून घेतात, पडद्यांना वास लागू नये म्हणून. मग पंखा ओढणार कुठून? एक अगरबत्ती पेटवून स्वयंपाकघराच्या तोंडाशी धरा. धूर आत ओट्याकडे वळला तर बरोबर, हॉलकडे आला तर उलटं चाललंय. भाजायच्या पाच मिनिटं आधी चिमणी लावा, गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं तशीच ठेवा. सगळे गॅसबरोबरच तीही बंद करतात, आणि राहिलेला तेलाचा धूर मग पडद्यावर बसतो. दुसऱ्या दिवशीचा कुबट वास तोच.

वरच्या वहिनी, तुमचा कूलर हॉलच्या मोकळ्या खिडकीत घ्या, बाहेरून हिरवी जाळी बांधा उन्हाला. कूलर हॉलमधून हवा ढकलेल आणि ती डक्टकडच्या खिडकीतून बाहेर जाईल. आज तुम्ही डक्ट स्वतःच घरात ओढताय. खालच्याने नुसती खिचडी केली तरी तुम्हाला कळणार.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर दारं-खिडक्या बंद करून चिमणी फुल चालवू नका. घरातली हवा कमी पडली की गीझरचा धूर आत वळतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वासच नसतो. मिरचीपेक्षा त्याला घाबरा.

बाळीवेस

माझं वय झालं, थोडक्यात लिहिते. रूम फ्रेशनर मारू नका कुणी. सुकटीवर मोगरा मारला की दोन्हींचा मिळून तिसरा वास होतो. सरांना विचारायचंय, चिंचेने वास का मरतो ते. आम्ही उजनी धरणातल्या चिलापी माशालाही आधी चिंच-हळद-मीठ लावून ठेवतो, नाहीतर चिखलाचा वास येतो.

बाकी मसाल्याचं म्हणाल तर कांडपवाल्याकडे भाजूनही देतात. एवढ्यासाठी शेजार तोडू नये, ताई.

निवृत्त शिक्षक, सात रस्ता

माशातलं ट्रायमिथिलअमाइन अल्कधर्मी आहे. आंबट लागलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि क्षार हवेत उडत नाही, मग नाकापर्यंत पोचायचं कसं? चिलापीचा चिखलवास वेगळ्या पदार्थाचा, जिओस्मिनचा. पाण्यातले सूक्ष्मजीव तो तयार करतात. तोही आंबटात मोडतो. दोन्हीकडे तुमची चिंच बरोबर.

जुळे सोलापूरची ताई

सगळं दोनदा वाचलं.

वरच्या वहिनी, कूलरचं मला खरंच सुचलं नव्हतं. वास वर जातो एवढं कळत होतं, तुम्ही तो ओढून घेताय हे नाही. मिरचीपुरती मी हरले. यापुढे मिरची घरात भाजणार नाही. गच्चीवर शेगडी नेईन, पहाटे सहाला, आणि आदल्या दिवशी चारही मजल्यांना सांगेन.

कांडपाकडे भाजून आणणं मला जमणार नाही, मावशी. मिरची कुठवर काळी करायची आणि खोबरं कुठे थांबवायचं, तो अंदाज सासूबाईंनी हाताला धरून शिकवलाय. दुसऱ्याच्या कढईतला मसाला तो मसाला राहत नाही.

धने, तीळ, खोबरं मात्र मी घरातच भाजणार. लसूणही परतणार. सेक्रेटरी साहेब, महिन्यातला एक दिवस ठरवून देण्याची भाषा मला टोचली. गच्चीच्या छपराचा अंदाज काढायला मी उद्या फॅब्रिकेटरला बोलावलंय, माझ्या पैशाने. कागदावर आकडा आला की मीटिंगमध्ये "बघू" म्हणता येणार नाही.

वरच्या मजल्यावरची

सहा चालेल. तो आठला उठतो, आणि तेवढा वेळ मी कूलर बंद ठेवीन. हॉलच्या खिडकीचं माप ह्यांना आज घ्यायला सांगते. छपराच्या खर्चात आमचा वाटा लगेच देते, बाकीच्यांची वाट बघू नका.

धने-तिळाला माझी काहीच हरकत नव्हती. तो वास तर मुलालाही आवडतो.

अशोक चौक

छान झालं. ताई, सुकटीचा शब्द कागदावरून निघाला का?

जुळे सोलापूरची ताई

अजून नाही. मीटिंग पुढच्या रविवारी आहे. पहिला विषय म्हणून मी तो लेखी दिलाय, छपराच्या आधी. वरच्या वहिनींनीही खाली सही केलीये.