मदत हवी आहे : मिनिएचर घोड्यांच्या फुल बॉडी क्लिपिंगचा रास्त दर कसा काढायचा? (पुणे)

मुळशीकर
नमस्कार मंडळी. मुळशीतल्या एका फार्महाउसवर पाच मिनिएचर (बुटक्या जातीचे, थोडक्यात ‘मिनी’) घोडे आहेत : एक नर, एक खच्ची केलेला, दोन घोड्या आणि वर्षाचं एक शिंगरू. उंची ३२ ते ३४ इंच. ऑक्टोबरच्या दुपारी हे घोडे घामाने निथळतात आणि रात्री त्याच ओल्या केसांवर गार वारा लागतो, म्हणून मालकांना सगळ्यांचं पूर्ण क्लिपिंग (मशीनने अंगभर केस बारीक कापणं) करून हवंय. दर घोड्यामागे किती, हे त्यांना आजच फोनवर सांगायचं आहे.

माझा हिशोब असा : मोठा घोडा ६२ इंचांचा धरला, तर ३४ भागिले ६२ म्हणजे ०.५५. कातडीचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ०.३०. मोठ्या घोड्याचे ४,००० घेतो, तर मिनीचे १,२००. हे बरोबर आहे का? पेट्रोल यातच धरायचं का? घोडे मळलेले निघाले तर काय? मशीन ए-५ पद्धतीचं (ब्लेड काढून बदलता येतं असं) आहे, १० नंबरची दोन ब्लेडं आहेत. मदतीला एक जण असतो.

सईस
मुळशीकर, गणित बरोबर आहे, पण दर क्षेत्रफळावर लावू नका. वेळ क्षेत्रफळाच्या प्रमाणात कमी होत नाही. मोठ्या घोड्याच्या पाठीवर, बरगड्यांवर, पुठ्ठ्यावर लांब सरळ हात फिरतो आणि तिथे काम भराभर उरकतं. वेळ खातात ते कोपरे : काख, मांडी आणि पोट मिळतात ती कातडीची घडी, घसा, जबडा, कानामागचा भाग, गुडघे, खुरांच्या वरचे केस. हे कोपरे मिनीलाही तितकेच असतात, फक्त जास्त आखूड आणि अवघड. शिवाय मिनीची हिवाळी लव मोठ्या घोड्यापेक्षा दाट, आणि पोटाखालचं सगळं काम गुडघ्यावर बसून.

डोकं आणि पायांसकट एका मिनीला दोन माणसांचे अडीच तास धरा. आधी दोनदा क्लिपिंग झालेला, स्वच्छ, शांत घोडा पावणेदोन तासांतही होतो. पहिल्यांदाच मशीनचा आवाज ऐकणारा चार तास घेईल.

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, स्वतःचे घाला. तुमचे तासाला ४००, मदतनिसाचे १५०, मिळून ५५०. अडीच तासांचे १,३७५. ब्लेडला धार लावायचे समजा ३५०, आणि स्वच्छ अंगावर एका धारेत चार मिनी होतात, तर घोड्यामागे साधारण ९०. मशीन २८,००० चं आणि ते २०० क्लिपिंग चालेल असं धरलं, तर १४०. तेल, कूलंट (ब्लेड गार करणारा फवारा), जंतुनाशक ६०. बेरीज १,६६५. यात प्रवास आणि नफा अजून आलेलाच नाही. तुमचे १,२०० इथेच बुडाले.

नालबंद
सईस यांच्याशी सहमत. प्रवास घोड्याच्या दरात कालवू नका, फेरीचा वेगळा धरा. जाऊन-येऊन ९० किलोमीटर, किलोमीटरला ८ रुपये, म्हणजे ७२०. वाटेत तीन तास जातात, ते अर्ध्या दराने दोघांचे ८२५. फेरी १,५४५ ला पडली. एका दिवसात तीन मिनींच्या वर घेऊ नका, कारण साडेसात तासांनंतर हात थकतो आणि चुका, कापणं तिथेच होतं. पाच घोडे म्हणजे दोन फेऱ्या.

पाच गुणिले १,६६५ म्हणजे ८,३२५, अधिक फेऱ्यांचे ३,०९०, एकूण ११,४१५. त्यावर १५ टक्के नफा धरला की १३,१२७. घोड्यामागे २,६२५. उद्या कोणी एकट्याच मिनीसाठी मुळशीला बोलावलं, तर तोच हिशोब १,६६५ अधिक १,५४५, वर १५ टक्के, म्हणजे जवळपास ३,७००. म्हणून फोनवर ‘घोड्यामागे इतके’ असा एकच आकडा कधीही सांगू नये. आधी किती घोडे आणि कुठे, ते विचारावं.

आणि उंचीचा वाद काढणाऱ्या मालकांसाठी : अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची ३४ इंचांची मर्यादा आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजतात, तर इतर बहुतेक घोडे पाठीच्या उंचवट्यापाशी. दोन इंच इकडेतिकडे झाले तरी तुमच्या कामाचा वेळ बदलत नाही.

कुम्मैत
मळलेल्या घोड्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि नुकसान खरं तिथेच आहे. लवेच्या बुडाशी बसलेली धूळ आणि कोंडा ब्लेडची धार वाळूसारखा घासतो. चार घोडे करणारी धार एकाच घोड्यात संपते, म्हणजे ९० ऐवजी ३५०. वर पट्टे उठतात, मालक म्हणतात काम वाईट झालं.

आदल्या दिवशी खरारा करून शॅम्पूने दोनदा धुवायचं, नीट खंगाळायचं (शॅम्पू राहिला तरी ब्लेड चिकटतं) आणि पूर्ण वाळवायचं. मिनीची दाट लव वरून कोरडी वाटते आणि मुळाशी ओली असते. बोटं उलटी फिरवून कातडीपर्यंत तपासा. ओल्या केसांत मशीन घालूच नका. धुणं मालकांच्या तबेल्यातल्या माणसाकडून झालं तर दर तोच. तुम्हाला धुवावं लागलं तर तासाचे ५५०, आणि क्लिपिंग दुसऱ्या दिवशी. धारेचा फरक २६० वेगळा. हे आधी लेखी कळवा, मग कुणालाच वाईट वाटत नाही.

दोन ब्लेडांत तीन मिनी करायला जाऊ नका. दर पाच-दहा मिनिटांनी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तुम्हाला चटका बसला तर घोड्यालाही बसतो, मग तो हलतो आणि सगळे त्याला खोडकर ठरवतात. किमान चार ब्लेडं हवीत, म्हणजे एक गार होतं तेव्हा दुसरं चालतं. अंगासाठी टी-८४ नंबरचं ब्लेड घ्या : पाती रुंद, केस साधारण २.४ मिलिमीटर राहतो, पट्टे कमी दिसतात. १० नंबर १.५ मिलिमीटरपर्यंत कापतो, तो डोक्याला आणि कोपऱ्यांना ठेवा.

धार कात्री-सुरीवाल्याकडून लावू नका. क्लिपरच्या पात्याला किंचित आतवक्र घासणी असते. साध्या दगडावर ती सपाट झाली की दोन पात्यांच्या मध्ये केस अडकून कापणंच थांबतं.

सईस
कुम्मैत यांनी चांगलं आठवण करून दिलं. आणखी काही गोष्टी दराशी थेट जोडलेल्या आहेत.

हात केसांच्या उलट दिशेने, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवून. कुशीतल्या भोवऱ्यापाशी केसांची दिशा फिरते तशी मशीनही फिरवा, नाहीतर तिथे ठिपके राहतात. काखेत मदतनिसाने पुढचा पाय पुढे ओढून कातडी ताणायची. सैल घडीत ब्लेड घुसलं की कापलंच. कानाच्या आतले केस माश्या-डासांसाठी ठेवा. मिशांना हात लावू नका, घोड्याला त्यांनी स्पर्श कळतो. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) स्पर्धांत १ जुलै २०२१ पासून त्या कापायला बंदी आहे. मालकांनी मागितलं तरी नाही म्हणा.

अंगठ्याएवढे गोल, केस गेलेले डाग दिसले तर ते नायटे असू शकतात. त्या घोड्याला मशीन लावू नका. तीच ब्लेडं बाकीच्या चौघांना नायटे देतील. फेरीचे पैसे घ्या, काम डॉक्टरांनी बघितल्यावर.

गुंगीचं इंजेक्शन फक्त पशुवैद्याने द्यायचं, बिल मालकांचं. गुंगीतही घोडा अचानक लाथ मारतो आणि कधी घामाने ओला होतो, त्यामुळे वेळ वाचेल असं समजून दर कमी करू नका. मिनी तासन्‌तास उपाशी ठेवू नका, रक्तात चरबी चढण्याचा धोका या जातीत मोठा असतो. पुढ्यात सुका चारा राहू द्या.

म्हातारी घोडी उन्हाळ्यातही लव टाकत नसेल तर ते पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराचं लक्षण असू शकतं. क्लिपिंगने आराम पडतो, पण आधी तपासणी करायला सांगा.

मुळशीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रश्न उरले. शिंगराला कमी घेऊ का? आणि मालक म्हणतात, पैसे जास्त होत असतील तर अर्धंच करा.

नालबंद
शिंगराला घोड्यामागचा दर लावू नका, तासाचाच लावा. पहिल्या दिवशी नुसतं मशीन बंद ठेवून अंगावर फिरवा, मग चालू करून लांब धरा. त्या दिवशी मान आणि छाती झाली तरी पुष्कळ. घाबरवून केलं तर पुढे हा घोडा तुम्हाला कायम चार तासांचा पडेल.

अर्धं क्लिपिंग इथे मला जास्त पटतं. घशापासून छाती, पोटाची खालची बाजू आणि काखा उघड्या करायच्या. पाठ, पुठ्ठा आणि पाय तसेच. घाम येतो ते भाग मोकळे होतात, आणि डिसेंबरच्या रात्री मुळशीत पाठीवर झूल घातली नाही तरी निभावतं. पूर्ण क्लिपिंग केलं तर पाच झुली लागतील, हे मालकांना आताच सांगा. वेळ दीड तास. दर मात्र निम्मा होत नाही : मजुरी ८२५, ब्लेड-मशीन-तेलाचे अंदाजे १८०, म्हणजे १,००५. दिवसात पाचही होऊन जातील, म्हणून फेरी एकच. ५,०२५ अधिक १,५४५, वर १५ टक्के, साधारण ७,५५५.

कुम्मैत
नालबंद, दीड तासाचे पाच म्हणजे परत साडेसात तासच, त्यामुळे बसतं. फक्त शिंगरू त्यात धरू नका, चारच घ्या. आणि मुळशीकर, वीज गेली तर अर्धा कापलेला घोडा उभा राहतो. चार्जिंगचं एक मशीन जवळ ठेवा. तबेल्यातल्या बोर्डाला अर्थ लीकेज ब्रेकर (गळती होताच वीज तोडणारा) आहे का, ते आदल्या दिवशी फोटो मागवून बघा. ओल्या फरशीवर नाल ठोकलेल्या घोड्याला बारीकसा झटकाही जबर बसतो.

मुळशीकर
मालकांना असं कळवतोय : ‘शिंगरू सोडून चार मिनी, अर्धं क्लिपिंग, एकाच दिवशी, ६,४०० रुपये प्रवासासकट. शिंगराचे त्याच दिवशी तासाला ५५०, जास्तीत जास्त एक तास. घोडे आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळलेले हवेत. नसतील तर धुण्याचे तासाला ५५० आणि धारेचे घोड्यामागे २६० वेगळे. त्वचेवर डाग असतील तर आधीच फोटो पाठवा.’ चार गुणिले १,००५ अधिक १,५४५, वर १५ टक्के म्हणजे ६,४०० होतात ना?

सईस
५,५६५ वर १५ टक्के, ६,३९९.७५. बरोबर आहे. पाठवा.