बोली माझी, संहिता सगळ्यांची : नव्या नाट्यसंस्थेबरोबर काम करताना आधी काय ठरवून घ्यावे?

रानजाई

मी मूळची धुळे जिल्ह्यातली असून आमच्या घरची बोली अहिराणी आहे. गेली सहा वर्षे मी पुण्यात नोकरी सांभाळून नाटकात काम करते. यापूर्वी ज्या संस्थेत मी चार वर्षे होते तिचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथे मला कोणी वाईट वागवले नाही, पण प्रत्येक नाटकात माझ्या वाट्याला एक तर भांडी घासणारी बाई येई, नाहीतर गावाकडून आलेली मावशी येई, आणि तालमीत मी प्रमाण मराठीत संवाद म्हणू लागले की ‘तुझा तो मूळचा हेल आण’ असे सांगितले जाई. माझी बोली तिथे हसे मिळवण्यापुरती लागत होती. हे कळायला मला चार वर्षे लागली, याचे वाईट वाटते.

दोन महिन्यांपूर्वी एका नव्या संस्थेने मला बोलावले. आम्ही अकरा जण आहोत. त्यात घरी उर्दू बोलणारी मुंब्र्याची दोन भावंडे आहेत, लावणीच्या संगीतबारीत वीस वर्षे नाचलेल्या एक ताई आहेत आणि जन्मापासून ऐकू न येणारा एक तरुण नट आहे. तयार संहिता नाही. प्रत्येकाने आपल्या घरातली एक गोष्ट सांगायची, ती उभी करून पाहायची आणि जे टिकेल ते वहीत उतरवायचे, अशी पद्धत आहे. पहिल्याच आठवड्यात मी माझ्या आजीचा एक प्रसंग केला. त्यात ‘मन्ही आंडेर’ असे शब्द होते. आंडेर म्हणजे मुलगी. पुण्याच्या प्रेक्षकाला हा शब्द कळणार नाही, तेव्हा तिथे ‘पोरगी’ म्हणावे का, असे मीच विचारले. दिग्दर्शिका म्हणाल्या, ‘शब्द राहू दे, तो म्हणताना आजी काय करायची ते दाखव.’ आजी माझ्या कानामागे बोट फिरवून केसांची बट मागे सारायची. मी ते करून दाखवले आणि आमच्या ऐकू न येणाऱ्या मित्राने तीच खूण उचलली. आता नाटकात जिथे जिथे लेकीचा उल्लेख येतो, तिथे तो कानामागे बोट फिरवतो. त्या दिवशी घरी जाताना मला रडू आवरेना.

तरीही काही प्रश्न मनात आहेत, आणि ते विचारले तर मी अविश्वास दाखवते आहे असे वाटेल की काय, या संकोचाने ते तालमीत विचारलेले नाहीत. प्रयोग जवळ आला की हे सगळे असेच राहते का? अकरा जणांच्या गोष्टींतून उभ्या राहिलेल्या नाटकावर लेखक म्हणून नाव कोणाचे लागते? आणि नाटक पुढे दुसऱ्या नटसंचात झाले, तर माझी आजी माझ्याशिवाय रंगमंचावर जाणार का? ज्यांनी अशा संस्थांबरोबर काम केले आहे त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

विंगेतला

रानजाईताई, तुम्ही विचारलेले प्रश्न अविश्वासाचे नाहीत, कामाचेच आहेत. मी नट नव्हे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात दिव्यांचे सामान उचलण्यापासून माझी सुरुवात झाली आणि पुढची बरीच वर्षे विंगेतच गेली, म्हणून तिथून जे दिसले ते लिहितो.

अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. लोक त्या काळातल्या नाटकांविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे, पण माझ्या मते आविष्कारने केलेले सर्वांत मोठे काम वेगळे होते. मिळालेली जागा त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. ज्यांच्या गाठीला मोठ्या नाट्यगृहाचे भाडे नव्हते, ज्यांच्या नाटकाला तिकीटबारीवर गर्दी होणार नव्हती, अशा इतर संस्थांनाही तिथे तारीख मिळत असे. नव्या मुलाला जवळ घेऊन ‘तू फार छान करतोस’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘अमुक तारखेला सभागृह तुझे आहे’ असे म्हणणारा क्वचित भेटतो, आणि कलावंत उभा राहतो तो त्या तारखेवर.

सोय म्हणावी तर तिथे फारशी नव्हती. ती शाळा होती, नाट्यगृह नव्हे, त्यामुळे प्रयोगाआधी मांडामांड आणि प्रयोगानंतर आवराआवर ही सगळ्यांचीच कामे होती. खुर्च्या लावणाऱ्यांत त्या दिवशी मुख्य भूमिका करणारी व्यक्तीही असे. काकडेकाका शेवटपर्यंत आविष्कारचा कारभार पाहत राहिले. त्यांचे २०१९ मध्ये निधन झाले. छबिलदास सोडावे लागल्यावर माहीमच्या महापालिका शाळेत त्यांनी पुन्हा तेच केले, म्हणजे आधी जागा मिळवली आणि मग ती इतरांनाही दिली.

तेव्हा प्रयोग जवळ आला की आताचे वातावरण राहील का, याचे उत्तर तालमीच्या पहिल्या आठवड्यात मिळत नाही. रंगीत तालमीच्या दिवशी नेपथ्य कोण उचलते, जेवणाचे पार्सल कमी पडले तर उपाशी कोण राहते आणि जमाखर्चाची वही सगळ्यांसमोर उघडते का, एवढे तीन प्रसंग नीट पाहा.

लेखकाच्या नावाविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, लेखी द्यावी लागते. म्हणजे वहीतले नाटक एक दिवस टंकलिखित होणारच आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर नाव घालावेच लागणार आहे. तो दिवस उगवण्याआधी बसून ठरवा. मला विचाराल तर अकराही नावे घाला.

गोदाकाठ

विंगेतला यांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखून शेवटच्या मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. सगळ्यांची नावे एका ओळीत घातली की कोणी काय केले ते पुसले जाते, आणि पुसले जाते ते बहुधा ज्याचा आवाज आधीच लहान असतो त्याचे.

मी जालना जिल्ह्यातला. आमच्या भागातले ताजे आणि सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे २०१२ मध्ये रंगमंचावर आलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. त्या नाटकातले अनेक कलावंत घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ गावचे, शेती करणारे होते. नाटकाचे श्रेय कसे वाटले गेले ते पाहण्यासारखे आहे. संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. एक शाहीर, एक गावातला लेखक आणि एक शहरातल्या रंगभूमीवर नाव असलेला दिग्दर्शक, अशी तीन माणसे एकत्र आली आणि तिघांचेही काम वेगवेगळे ओळखता आले. मराठवाड्याची बोली घासूनपुसून गुळगुळीत न करता ते नाटक मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत गेले आणि तिथल्या प्रेक्षकांना ते समजायला कुठेही अडचण आली नाही. त्या बोलीत राग होता, विनोद होता आणि विचारही होता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या बोलीला पहिल्या दोन गोष्टी करू दिल्या जातात; तिसरी तिच्याकडे क्वचितच सोपवली जाते.

आता माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दिग्दर्शकाने आमच्या गावातल्या सात जणांना घेऊन असेच गोष्टींतून नाटक उभे केले. माणूस मनाने चांगला होता. कापूस वेचणीच्या दिवसांत तालमी बंद ठेवायच्या हे त्याने न सांगता मान्य केले होते, मजुरी बुडेल म्हणून प्रवासखर्च आगाऊ दिला होता. पण स्पर्धेचे माहितीपत्रक छापून आले, तेव्हा लेखक म्हणून त्याचे एकट्याचे नाव होते आणि आमच्या नावांपुढे ‘साहाय्य’ असा शब्द होता. माझ्या चुलत्यांनी बैल विकल्याची सांगितलेली गोष्ट त्यात शब्दशः होती. कोणाच्या मनात फसवणूक नव्हती, कोणी विचारलेच नव्हते, आणि आम्हीही संकोचाने विचारले नाही. म्हणून सांगतो, कथन कोणाचे, शब्द कोणाचे, गाणी कोणाची आणि शेवटची संहिता बांधली कोणी, हे वेगवेगळे लिहून घ्या. तुमच्या आजीचा प्रसंग तुमच्या नावाने लागला पाहिजे.

सहा_ठिपके

मी दृष्टिहीन कलावंतांच्या एका नाटकासाठी सात महिने मदतनीस म्हणून काम केले. आपल्याकडे या वाटेवरचे ठळक काम स्वागत थोरात यांचे आहे. त्यांनी एकोणीस दृष्टिहीन कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणले. ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल नियतकालिक चालवणारेही तेच. आमचा प्रयोग फार लहान होता, पण प्रयोग जवळ आल्यावर काय होते या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले.

सुरुवातीला आम्ही डोळस मंडळी नटांचा दंड धरून त्यांना जागेवर नेत होतो. एके दिवशी एका नटाने शांतपणे सांगितले, ‘तुम्ही मला धरू नका, मला तुमचा कोपर धरू द्या, म्हणजे कुठे थांबायचे ते मी ठरवीन.’ त्यानंतर आम्ही सतरंजीखाली काथ्याची दोरी अंथरली. अनवाणी पायाला ती लागली की नटाला कळे, आपण मध्यावर आलो, इथून चार पावलांवर पायरी आहे. पंधरा दिवसांत कोणालाच आमची गरज उरली नाही.

खरी अडचण संहितेची होती. ब्रेल पाटीवर एकेक ठिपका उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे टोचत लिहावे लागते आणि छापील एका पानाची ब्रेलमध्ये सहज दोन-तीन पाने होतात. प्रयोगाला बारा दिवस असताना दिग्दर्शकांनी दुसरा अंक बदलला. डोळस नटांना संध्याकाळपर्यंत झेरॉक्स मिळाली. बाकीच्यांना मात्र ‘ऐकून पाठ करा’ असे सांगण्यात आले. सात महिने सगळे बरोबरीने चालले होते आणि एका संध्याकाळीत त्याचे दोन गट पडले. दिग्दर्शकांना दुसऱ्या दिवशी ते जाणवले, त्यांनी तो बदल मागे घेतला, आणि त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. रानजाई, तुमच्या ऐकू न येणाऱ्या मित्राच्या बाजूने विचार करा. शेवटच्या आठवड्यात घाईने झालेली चर्चा त्याच्यापर्यंत कोण पोहोचवणार, हे आत्ताच ठरवा. ते काम ज्या व्यक्तीकडे असेल, तिच्याकडे त्या आठवड्यात दुसरे काही देऊ नका.

सीनकाठचा

दहा वर्षांपासून पॅरिसजवळ राहतो, म्हणून इथले एक उदाहरण थोडक्यात जोडतो. आरियान म्नुश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेली ‘थिएटर द्यु सोलेय’ ही संस्था व्हॅन्सेनच्या जंगलातल्या जुन्या दारूगोळा कारखान्यात नाटके करते. अनेक देशांतून आलेले कलावंत तिथे आहेत आणि सर्वांना सारखेच वेतन असते. प्रेक्षकांना जेवण वाढायलाही तेच असतात.

श्रेयाच्या बाबतीत त्यांची रीत तुमच्या वादाला उपयोगी पडेल. भारतात घडणारे ‘युन शाँब्र आँ आँद’ हे त्यांचे नाटक २०१६ मध्ये आले, तेव्हा ते ‘सामूहिक निर्मिती’ म्हणून जाहीर झाले. पण तेवढ्यावर न थांबता दिग्दर्शन म्नुश्किन यांचे, संगीत झाँ-झाक लमेत्र यांचे, असे स्वतंत्र उल्लेख होते. त्या नाटकात तमिळनाडूच्या तेरुक्कुट्टू या लोकनाट्याचा मोठा भाग आहे आणि तो शिकवणाऱ्या पुरिसै कण्णप्पा संबंधन तंबिरान यांचे नावही श्रेयनामावलीत ठळकपणे आहे. म्हणजे विंगेतलाकाका आणि गोदाकाठ या दोघांचेही म्हणणे एकाच पानावर मावते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठदादा, तुमच्या चुलत्यांची गोष्ट वाचून मी तो उतारा वहीत उतरवून घेतला आणि मंगळवारी तालमीआधी सगळ्यांना वाचून दाखवला. मी घाबरले होते. पण संगीतबारीतल्या ताई लगेच म्हणाल्या की वीस वर्षांत त्यांनी बसवलेल्या एकाही अदेवर त्यांचे नाव कधी लागले नाही, आणि मग दोन तास तालीम न होता हेच बोलणे झाले.

ठरले ते असे. पहिल्या पानावर ‘सामूहिक निर्मिती’, त्याखाली संहितेची बांधणी करणाऱ्या दोघांची नावे आणि प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर तो सांगणाऱ्याचे नाव. एखादा नट बदलला तर त्याचा प्रसंग दुसऱ्याने करावा की गाळावा, हे ज्याची गोष्ट आहे त्याने सांगायचे. मी लिहून दिले आहे की माझा प्रसंग दुसरीने केला तरी चालेल, मात्र ‘आंडेर’ हा शब्द बदलू नये. शेवटच्या आठवड्यासाठी सांकेतिक भाषेच्या दुभाषी एक ताई रोज संध्याकाळी येणार आहेत, त्यांच्या मानधनासाठी नेपथ्यातली एक चौकट कमी केली.

एक प्रश्न अजून बाकी आहे. आमच्या मित्राचे काही प्रसंग संपूर्णपणे खुणांचे आहेत, त्यांत बोललेला एकही शब्द नाही. संहितेत ते लिहायचे कसे, यावर एकमत होत नाही. मराठीत वर्णन केले, तर ते आमचे शब्द होतात, त्याचे राहत नाहीत. काल त्याने स्वतः खडूने फळ्यावर एक कान काढला, त्याच्यामागे एक बाणाची रेघ ओढली आणि ‘हे असेच छापा’ असे लिहिले. विंगेतलाकाका, परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायच्या प्रतीत चित्रे घातलेली चालतात का?