मिठाच्या पाण्याचा तरणतलाव : क्लोरीन संपत नाही, फक्त जागेवर तयार होतो

मीठ घातले की तलावाला क्लोरीन लागत नाही, हे मत दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते. पाण्यात विरघळलेल्या मिठातील क्लोराइडपासून तलावाला जोडलेल्या क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्रातील टायटॅनियमच्या पट्ट्यांवर विद्युत विघटनाने क्लोरीनच तयार होतो. म्हणजे निर्जंतुकीकरण तेच, फक्त डबे आणून ओतण्याचे काम संपते. बहुतेक यंत्रांना लिटरमागे साधारण ३ ग्रॅम मीठ लागते, तर समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असते. त्यामुळे ५०,००० लिटरच्या तलावात सुरुवातीला अंदाजे १५० किलो शुद्ध, आयोडीनविरहित मीठ घालावे लागेल, आणि पुढे पाणी बाहेर गेले तरच त्यात भर घालावी लागेल, कारण बाष्पीभवनात मीठ उडून जात नाही.

खरी काळजी सामूची (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) आहे. या प्रक्रियेत पाण्याचा सामू सतत वर सरकतो आणि तो ७.२ ते ७.८ दरम्यान ठेवण्यासाठी आम्ल घालत राहावे लागते. हे टाळल्यास पट्ट्यांवर कॅल्शियमचा थर साचून क्लोरीनची निर्मिती घटते. (उघड्या तलावात सायन्यूरिक आम्लही हवे, नाहीतर उन्हाने क्लोरीन झपाट्याने नष्ट होतो.)

निर्णयापूर्वी शिडी, हीटर आणि काठावरचा दगड अवश्य तपासावा. हलक्या प्रतीचे पोलाद आणि सच्छिद्र दगड मिठाने झिजतात. काही वर्षांनी पट्ट्यांचा संच बदलावा लागतो, तो खर्चही हिशेबात धरावा.